वरचं किती, खालचं किती?

आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी अण्णांचं ब्लडप्रेशर मोजायचा रिवाज आहे. दंडाला पट्टा गुंडाळला, यंत्रानं थोडी गुरगुर केली, की स्वयंपाकघरातून बायकोचा प्रश्न येतो, ‘वरचं किती, खालचं किती?’ मी दोन्ही आकडे जोडीनं सांगतो. नुसतं वरचं किंवा नुसतं खालचं सांगून घरात कुणाचं समाधान होत नाही. हे इतकं साधं शहाणपण दिवसातून दोनदा कानावर पडत असताना, माझ्या जुन्या ट्रकच्या बाबतीत मात्र मी सबंध महिनाभर नुसत्या खालच्या आकड्यावर विसंबून राहिलो. त्याची किंमत माझ्याऐवजी अण्णांनाच मोजावी लागली असती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. बसगाड्या खोलणं आणि पुन्हा जोडणं एवढंच त्यांनी केलं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. २०२४ च्या मे महिन्यात ते सांगलीहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले, सहा महिन्यांसाठी. टेक्सासचा उन्हाळा सांगलीकराला नवा नाही, असं त्यांचं म्हणणं. पण सांगलीत ऊन असतं आणि संध्याकाळी वारा असतो. ह्यूस्टनमध्ये उन्हाबरोबर समुद्रावरून आलेला दमटपणा असतो आणि तो रात्रीही उतरत नाही. अंगावरचा घाम वाळतच नाही. इथं घरं बांधतात तीच एसी गृहीत धरून. खिडक्या उघडून वारा घ्यावा अशी त्यांची रचनाच नसते.

आणि ट्रक म्हणजे आपल्याकडच्या हमरस्त्यावरचा दहाचाकी नव्हे. इथं पिकअपलाच ट्रक म्हणतात. माझा १९९१ सालचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी तो दुसऱ्या हातानं घेतला. लाकडं, खत, मित्रांचं घरसामान आणि दर भाद्रपदात गणपतीचं मखर वाहण्यासाठी. बायकोला तो दारात उभा असलेला कधीच आवडला नाही. ‘अहो, हे धूड विका आता’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा त्यातलं ऑइलही बदललेलं नाही.

जूनमध्ये ट्रकचा एसी कुरकुरायला लागला. हमरस्त्यावर उत्तम गार. सिग्नलला उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत झडपांतून कोमट हवा. आता मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, आयुष्य तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत पंप आणि कॉम्प्रेसर बघण्यात गेलेलं. पण घरच्या गाडीपुढं माणूस इंजिनिअर राहत नाही, ग्राहक होतो. एसी गार करत नाही म्हणजे गॅस कमी झाला, हे जगातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचं निदान. तेच मी केलं. सुट्या भागांच्या दुकानात गॅसचा डबा मिळतो, बारा औंसांचा; त्याला एक नळी आणि एकच छोटं गेज. नळी एसीच्या कमी दाबाच्या तोंडाला लावायची आणि काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत डबा रिकामा करायचा. काटा हिरव्यात आला. मी खूश झालो. एसी पूर्वीपेक्षा थोडा वाईट चालायला लागला, पण तो उन्हाळ्याचा दोष असेल असं मी ठरवून टाकलं.

८ जुलैला, सोमवारी पहाटे, बेरिल नावाचं चक्रीवादळ मॅटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि तिथून ह्यूस्टनवर आलं. श्रेणीनं पहिलंच, म्हणजे सर्वांत खालचं. पण झाडं आणि तारा पाडायला तेवढं पुरतं. शहर आणि आसपासच्या परिसरात बावीस लाखांहून अधिक वीजजोडण्या बंद पडल्या. आमच्या दारातला ओक वृक्ष निम्मा मोडून बायकोच्या गाडीवर पडला. गाडीचं छप्पर सीटपर्यंत खाली आलं. ट्रक मागच्या बाजूला होता म्हणून वाचला.

पहिला दिवस पडलेल्या फांद्या आवरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातला पारा ९३ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या ३४ सेल्सिअसवर गेला. एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगलीत एप्रिलमध्ये याहून जास्त असतं. पण बंद घरातली ती ओली उष्णता वेगळी. अण्णा सकाळपासून गप्प होते. चार वाजता चहा नको म्हणाले, तेव्हा बायको घाबरली. रक्तदाब पाहिला तर वरचं ९८, खालचं ५८. मिरजेला माझा भाचा डॉक्टर आहे. महत्प्रयासानं त्याला फोन लागला. तो म्हणाला, ‘मामा, आजोबांची लघवी वाढवणारी गोळी आज देऊ नका, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा, आणि काहीही करून त्यांना गार जागी न्या. बोलण्यात विसंगती आली तर एक मिनिट थांबू नका, अँब्युलन्स बोलवा.’

गार जागा. सगळ्या वस्तीत वीज नव्हती. ओळखीच्यांच्या घरी तीच अवस्था. गार हवा निर्माण करू शकेल असं एकच यंत्र आमच्यापाशी उरलं होतं, आणि त्याला विकून टाकायचं गेली दहा वर्षं चाललं होतं.

अण्णांना ट्रकमध्ये बसवलं. ट्रक उघड्यावर, घरापासून दूर, खिडकीची काच बोटभर खाली. (इंजिन चालू ठेवून गाडी कधीही गॅरेजमध्ये किंवा भिंतीशी उभी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच नेतो.) दहा मिनिटं सुरेख गार हवा आली. अण्णांनी डोळे उघडले. मग हवा कोमट झाली. मी ॲक्सिलरेटर दाबून पाहिलं, थोडा फरक पडला. शेवटी त्यांना घेऊन हमरस्त्यावर एक फेरी मारली. चाळीस मैलांचा वेग घेतल्याबरोबर बर्फासारखी हवा. पण रात्रभर असं फिरणार कसं? पेट्रोलपंपांवर रांगा, सिग्नल बंद, रस्त्यात झाडं. टाकी निम्मी होती. ती रात्र आम्ही अर्धा तास फिरणं, तासभर थांबणं, ओल्या पंच्यानं अण्णांचं अंग पुसणं, अशी काढली. पहाटे रक्तदाब ११० पर्यंत आला, तेव्हा बायको पायरीवर बसून रडली.

बुधवारी उजाडताच मी समोरच्या शेजाऱ्याकडं गेलो. हे मेक्सिकन गृहस्थ गाड्यांचं गॅरेज चालवून निवृत्त झालेले. जनरेटर दुरुस्त करत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या हिरव्या पट्ट्याच्या गेजबद्दल ऐकून मान हलवली, आणि आतून एक जोडगेज आणून दिलं. निळ्या नळीचं कमी दाबासाठी, लाल नळीचं जास्त दाबासाठी. ‘एका डोळ्यानं बघत होतास,’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा जनरेटरकडं वळले.

इथं थोडं यंत्राबद्दल सांगितलं पाहिजे. एसीत गॅस एकाच वाटेनं गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यामुळं तो तापतो. गाडीच्या तोंडाशी रेडिएटरच्या पुढं एक जाळी असते, कंडेन्सर. तिथं तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. मग माझ्या ट्रकसारख्या गाडीत तो एका बारीक छिद्राच्या नळीतून सुटतो, दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये उकळून तो आतली उष्णता शोषून घेतो. म्हणजे छिद्राच्या अलीकडं जास्त दाब, पलीकडं कमी दाब. वरचं आणि खालचं.

इंजिन सुरू करण्याआधी मी दोन्ही गेज पाहिली. रात्रभर थंड झालेल्या ट्रकमध्ये दोन्हींचा आकडा एकच होता : चौरस इंचाला ८८ पौंड. बाहेर तापमान ८० फॅरनहाइट. या गॅसचा तक्ता सांगतो, ८० अंशांना ८७ पौंड. म्हणजे आत गॅस योग्य जातीचा होता आणि त्यात हवा शिरलेली नव्हती. हवा असती तर आकडा तक्त्याच्या बराच वर गेला असता. पण गॅस किती आहे, हे मात्र त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. आपल्या गृहिणींना हे इंजिनिअरांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरची ज्योत पहिल्या दिवशी जशी, तशीच जवळजवळ शेवटच्या दिवशी. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, मापावर नाही. म्हणून तर सिलिंडर हलवून पाहतात, ओलं फडकं लावून पाहतात. मी सिलिंडर न हलवताच नवा नोंदवला होता!

इंजिन सुरू केलं. अण्णा आत, दार उघडं. खालचं ५५, वरचं ३३०, आणि वरचं हळूहळू चढतंय. ३५०. ३७०. बाहेर तोवर ९० अंश झाले होते. गाडी बरी असेल तर वरचा आकडा बाहेरच्या फॅरनहाइट तापमानाच्या साधारण सव्वादोन-अडीच पट असावा. म्हणजे मला २०० ते २२५ दिसायला हवं होतं. खालच्या आकड्याचा एक गमतीचा योगायोग आहे. या गॅसच्या बाबतीत तो पौंडात जेवढा, जवळजवळ तेवढंच त्या डॅशमागच्या कॉइलचं फॅरनहाइट तापमान. पस्तीस-चाळीस असेल तर कॉइल बर्फाच्या जवळपास, सुखाची गोष्ट. पंचावन्न म्हणजे कॉइलच कोमट. मग हवा कुठली गार होणार?

मी सीटवरच्या अण्णांना आकडे मोठ्यानं वाचून दाखवत होतो, सवयीनं. ते क्षीण आवाजात म्हणाले, ‘दोन्ही चढलंय की रे. याला गोळी कमी नाही, याचं काहीतरी तुंबलंय.’

त्यांना एसीतलं काही कळत नाही, पण निदान योग्य रस्त्यावर होतं. दोन्ही आकडे खाली असते तर गॅस कमी. तेव्हा कॉम्प्रेसरही सारखा लागतो-सुटतो. खालचा आकडा शून्याकडं किंवा त्याखाली बुडाला असता तर बारीक नळीत कचरा अडकलेला. वरचं उतरलेलं आणि खालचं चढलेलं, जोडी एकमेकांच्या जवळ येऊ लागलेली, तर कॉम्प्रेसरच म्हातारा झालेला. त्यावर खर्चाशिवाय इलाज नाही. दोन्ही वर म्हणजे एक तर गॅस फाजील, नाही तर पुढची जाळी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. हमरस्त्यावर जाळीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यालाच आणावा लागतो, हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजाडलं. महिनाभर ट्रक मला तेच सांगत होता. उभं राहिल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटाही नेहमीच्या जागेहून जरा वर जायचा. तोही मी उन्हाळ्याच्या खात्यावर मांडला होता.

बागेची नळी आणली आणि समोरच्या जाळीवर पाणी सोडलं. मला वाटतं, आयुष्यात एवढ्या एकाग्रतेनं मी कुठलंही गेज पाहिलेलं नाही. ३७० वरून काटा घसरला. ३००. २५०. २१० वर टेकला. खालचं ५५ वरून ३८. आतून अण्णांचा आवाज आला, ‘आली रे, गार आली!’

पाणी बंद केलं की पुन्हा चढायचं. म्हणजे गॅसच्या आधी दोष वाऱ्याचा. अण्णा हट्टानं खाली उतरले, बॉनेटला हात टेकून उभे राहिले आणि मला वर्तमानपत्राचा कागद मागितला. रेडिएटरच्या पुढच्या अंगाला, जाळीवर तो धरला. पंखा नीट ओढत असता तर कागद तिथं चिकटून बसला असता. तो नुसता फडफडून खाली पडला. ‘पंखा फिरतोय, पण ओढत नाहीये. इंजिन बंद कर.’ इंजिन बंद झाल्यावर त्यांनी किल्ली मला खिशात ठेवायला लावली (हा एस.टी.चा शिरस्ता) आणि म्हणाले, ‘आता हातानं फिरव.’ मी एक टिचकी मारली तर गरम पंखा अडखळल्याशिवाय चार-पाच वेढे फिरला.

या गाड्यांत पंखा आणि त्याची पुली यांच्यामध्ये एक क्लच असतो. आत घट्ट सिलिकॉन तेल, आणि तोंडाशी दोन धातूंच्या पट्टीचं गुंडाळलेलं वेटोळं. रेडिएटरमागची हवा तापली की वेटोळं वळतं, आतली झडप उघडते, तेल पकड घेतं आणि पंखा जोरात फिरतो. हवा थंड असली की पकड सुटते आणि पेट्रोल वाचतं. माझ्या क्लचमधलं तेल कधीच पाझरून गेलं होतं. कडेनं काळा चिकट ओघळ दिसत होता. मी तो दर ऑइल बदलताना पाहिला होता. अण्णा म्हणाले, ‘आमच्या वेळी पंखा पुलीला बोल्टानं आवळलेला असायचा. पेट्रोल खायचा, पण ओढायचा.’ मग स्वतःच हसले, कारण त्यांच्या बसगाड्या डिझेलच्या होत्या. त्यांना हसताना पाहून दोन दिवस झाले होते.

दुकानं गुरुवारी उघडली. तोवर आम्ही काय केलं, तर बायको आणि मी पाळीपाळीनं नळी धरून ट्रकच्या तोंडावर पाणी मारत उभे राहिलो. येणारे-जाणारे थांबून बघत. शेजारची एक आजी म्हणाली की झाडाला पाणी घातलेलं पाहिलंय, ट्रकला पहिल्यांदाच पाहतेय. तिलाही आम्ही आत बसवलं. बुधवारी दुपारी ट्रकच्या त्या बाकड्यासारख्या सीटवर अण्णा, ती टेक्सन आजी आणि तिचं मांजर असे तिघं होते. अण्णांचं इंग्रजी बेताचं आणि तिला मराठी येत नाही. तरी दोघांच्या मोठ्यानं गप्पा चालल्या होत्या, बहुधा गुडघ्यांबद्दल.

नवा क्लच सत्तर डॉलरना मिळाला, बसवायला दोन तास लागले. त्यातला एक तास पुलीचा मोठा नट सोडवण्यात आणि अण्णांच्या सूचना ऐकण्यात गेला. पंखा आता विमानासारखा घोंगावू लागला. ९५ अंश उन्हात उभ्या गाडीचा आकडा २८५ वर थांबला. हवा गार होती, काम भागत होतं. पण हिशेबानं तो २१० ते २४० च्या दरम्यान हवा होता. उरलेले पन्नास पौंड कुठले, हे मला कळलं होतं. पण ते तपासण्याची वेळ वीज आल्यावरच आली. आमची वीज रविवारी आली.

पुढच्या आठवड्यात मी एका गॅरेजमध्ये सगळा गॅस यंत्रानं काढून तराजूवर मोजून घेतला. तो हवेत सोडून देता येत नाही. अमेरिकेत तो गुन्हा आहे, आणि असायलाही हवा. हा ट्रक घडला तेव्हा त्यात आर-१२ नावाचा जुना गॅस होता. त्याच्यासारख्या वायूंमधलं क्लोरीन पृथ्वीभोवतीच्या ओझोनला खातं, हे मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं. १९८७ साली माँट्रियल करार झाला, श्रीमंत देशांत त्याचं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, आणि त्याच वर्षी या दोघांना, तिसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर, नोबेल मिळालं. माझ्या आधीच्या मालकानं ट्रकमध्ये नवा आर-१३४ए भरून घेतला होता. तो ओझोनला मारत नाही, पण पृथ्वीची उष्णता मात्र कोंडतो, आणि कडक उन्हात त्याचा दाब जुन्यापेक्षा जास्त चढतो. जुन्या गॅससाठी बेतलेल्या जाळीला आधीच दम लागत होता. त्यात पंखा दुबळा, त्यात मी.

बॉनेटखालच्या पट्टीवर जुन्या गॅसचं माप ४४ औंस लिहिलेलं आहे. नवा गॅस त्याच्या सुमारे पंचाऐंशी टक्के भरायचा, म्हणजे ३७ औंस. तराजूनं ४८ दाखवले. माझा डबा बारा औंसांचा. वजाबाकी करून पाहा. जूनमध्ये मी डबा लावला तेव्हा ट्रकमध्ये गॅस जिथं असायला हवा तिथंच, एखाद्या औंसाच्या फरकानं, होता. त्या डब्यानं दुखण्यात भरच घातली होती. मापानं ३७ औंस भरल्यावर गेज ३८ आणि २२५ वर येऊन स्थिरावली. मी त्यांचा फोटो काढून मिरजेला भाच्याला पाठवला. त्यानं उलट टपाली विचारलं, ‘हे कुणाचं?’

सांगलीला परतल्यावर अण्णांना एक बातमी वाचायला मिळाली : २०२५ पासून आपल्याकडे बनणाऱ्या नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना चालकाची केबिन वातानुकूलित ठेवणं सक्तीचं झालं. त्यांनी मुद्दाम मला फोन केला. उन्हाळ्यात इंजिनाशेजारी बसून दहा-दहा तास गाडी हाकणारे ड्रायव्हर त्यांनी जन्मभर पाहिले, त्यांच्या मांड्यांवरचे उष्णतेचे फोड पाहिले. आनंद झाला होताच. पण लगेच पुढचं वाक्य आलं, ‘दहा वर्षांनी हे ट्रक जुने होतील रे. मग ढाब्याशेजारी कुणीतरी एका गेजनं गॅस भरत बसेल.’

जुना क्लच त्यांनी अंगणात बसून पूर्ण खोलला होता. सगळा सांगलीला न्यायचा विचार होता, पण बायकोनं वजनाचा काटा आणून दाखवला. शेवटी पुढचं ते दोन धातूंचं वेटोळं तेवढं त्यांनी काढून घेतलं आणि चष्म्याच्या डबीत घालून नेलं. आता ते रक्तदाबाच्या यंत्राशेजारी फळीवर असतं. वाड्यातली पोरं आली की अण्णा ते चिमट्यानं गरम चहाच्या कपावर धरतात, आणि ते कसं हळूच वळतं ते दाखवतात.